त्रिकूटावरचा श्रावण

जबलपूर म्हटले की मराठी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो भेडाघाट. संगमरवराच्या शुभ्र कड्यांमधून संथपणे वाहणारी नर्मदा, यमके जुळवीत माहिती सांगणारे तिथले नावाडी आणि धुआंधारचे दूरवर उडणारे तुषार, हे सारे एकदा पाहिले की विसरता येत नाही. धुआंधारजवळ नदी ओलांडणारा रोपवेही आहे. परंतु पावसाळ्यात बरगी धरणाचे दरवाजे उघडले की नर्मदा अशी काही फुगते की धबधबाच पाण्याखाली जातो, नौका काठाला बांधल्या जातात आणि पर्यटकाला दुरूनच हात जोडावे लागतात. या प्रदेशात पावसाळी सहलीचा बेत माणसाने आखावा आणि तडीस जाईल की नाही ते आभाळाने ठरवावे, अशीच रीत आहे.

आम्हा जबलपूरकर मराठी कुटुंबांच्या मनात भेडाघाटाइतकेच आणखी एका स्थानाला महत्त्व आहे. ते म्हणजे मैहर येथील त्रिकूट पर्वत आणि त्याच्या माथ्यावरील शारदामातेचे मंदिर. जबलपूरपासून सुमारे १६० किलोमीटरवर, कटनीच्या पुढे हे गाव लागते. पूर्वी ते सतना जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये मैहर हा स्वतंत्र जिल्हा झाला. मंदिरापर्यंत १,०६३ पायऱ्या आहेत, असे सांगतात. आता मात्र ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्यासाठी रोपवेची सोय झालेली आहे. गेल्या श्रावणात या रोपवेने आम्हाला जे शिकविले, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

राहून गेलेला संकल्प

जबलपूर आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. पुढे नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्याच मध्य प्रांतात १९५६ पर्यंत जबलपूरही होते. त्यामुळे नोकरी, वकिली, शिक्षण अशा निमित्तांनी विदर्भातून आणि देशावरून माणसे येत राहिली आणि येथेच रुजली. आमचे वडील त्यांपैकीच एक. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या येथील गन कॅरेज फॅक्टरीत त्यांची सारी हयात गेली.

आई-वडील प्रथम मैहरला गेले ते १९६८ साली, लग्नानंतर लगेच. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी त्यांची वारी घडे. दोघेही पायऱ्या मोजत चढत आणि वर पोहोचल्यावर दोघांचे आकडे कधीही जुळत नसत. वडील म्हणत, "तू बोलत चालतेस, म्हणून चुकतेस." आई म्हणे, "तुम्ही दम खायला थांबता, तेव्हा पुढचा आकडा विसरता." हा वाद आमच्या घरात चाळीस वर्षे चालला. निवृत्तीनंतर एकदा सावकाश जाऊन तो कायमचा मिटवायचा, असे दोघांनी ठरविले होते. तेवढ्यात आईचे गुडघे दुखू लागले, मग वडिलांचे हृदय. तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि तो संकल्प तसाच राहिला.

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी देवापाशी दिवा लावून आई सहजपणे म्हणाली, "एकदा शारदेला जाऊन येऊ या. पायऱ्या काही मला जमायच्या नाहीत. पण तो पाळणा झालाय ना आता?"

आईचे वय एकोणऐंशी. मधुमेह जुना. भर पावसाचे दिवस. नवरात्रात गेलो तर गर्दीत तिचा निभाव लागला नसता आणि हिवाळ्यापर्यंत थांबावे, तर त्या वयात 'पुढे बघू' हे शब्द उच्चारण्यास जीभ धजत नाही. मी, माझी पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारी आमची कन्या, अशा तिघांनी आईला घेऊन एका बुधवारी पहाटे जबलपूर सोडले.

कैमूरच्या कडेकडेने

जबलपूरहून अलाहाबादकडे, म्हणजे आजच्या प्रयागराजकडे जाणारा हा लोहमार्ग १८६७ मध्ये सुरू झाला. मुंबईकडून येणारा मार्ग १८७० मध्ये जबलपूरला येऊन मिळाला आणि मुंबई-कलकत्ता हा सलग आगगाडीचा प्रवास प्रथमच शक्य झाला. आज या मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला त्या ऐतिहासिक मीलनाची आठवण क्वचितच असते. मात्र सिहोरा मागे पडून कटनी जवळ येऊ लागली की डाव्या-उजव्या हाताला दिसणारा देखावा त्याचे लक्ष वेधून घेतल्यावाचून राहत नाही. भाताची हिरवी खाचरे, चुनखडीच्या खाणी आणि क्षितिजावर कैमूरची लांबच लांब निळसर भिंत. ही डोंगररांग जबलपूर जिल्ह्यातच कटंगीच्या आसपास सुरू होते आणि ईशान्येकडे बिहारपर्यंत जाते. तमसा नदीचा उगमही मैहरच्या परिसरात, याच रांगेत आहे.

गाडीच्या खिडकीतून आई आभाळ पाहत होती. कटनीला लख्ख ऊन पडले होते. पुढच्या अर्ध्या तासात दोनदा सर आली आणि दोनदा गेली. श्रावणाचे हे रूप आपल्याला अपरिचित नाही. परंतु येथील पावसाला आणखी एक कारण आहे. बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगड ओलांडून वायव्येकडे सरकतात, तेव्हा त्यांचा मार्ग बऱ्याचदा या भागावरून जातो. असा पट्टा जवळ आला की सकाळचे ऊन दुपारी ओळख देत नाही. जबलपूरला वर्षाकाठी सुमारे १,३०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला फार मोठा वाटा या तीन-चार महिन्यांतलाच.

सुरांचे आणि वीरांचे गाव

मैहरला उतरल्यावर गावाबाहेर एकटाच उभा असलेला त्रिकूट दिसू लागतो. सपाटीतून एकदम वर आलेला, शंकूसारखा आकार. त्या दिवशी त्याचा माथा मात्र दिसत नव्हता. कोणीतरी कापूस पिंजून ठेवावा तसा एक ढग त्यावर बसून होता.

या डोंगराशी दोन नावे कायमची जोडली गेली आहेत. पहिले आल्हाचे. महोब्याच्या चंदेल राजाच्या पदरी असलेले आल्हा आणि ऊदल हे वीर बंधू, पृथ्वीराज चौहानाशी त्यांनी दिलेली झुंज, हा सारा कथाभाग बुंदेलखंडात आजही गाइला जातो आणि तो गाण्याचा हंगाम पावसाळ्याचाच. आल्हाला शारदेने अमरत्व दिले आणि आजही पहाटे देवीच्या चरणी पहिले फूल वाहून जातो तो आल्हाच, अशी येथील श्रद्धा आहे. म्हणूनच रात्री मंदिर बंद झाल्यावर डोंगरावर कोणी थांबत नाही. डोंगराच्या पायथ्याजवळ आल्हाचा तलाव आणि आखाडा दाखवितात.

दुसरे नाव उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे. आजच्या बांगलादेशातील ब्राह्मणबाडिया भागात जन्मलेले हे थोर कलावंत १९१८ च्या सुमारास महाराजा ब्रिजनाथसिंह यांच्या दरबारी आले आणि १९७२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत मैहरचेच झाले. धर्माने मुसलमान असलेले बाबा शारदेचे निस्सीम भक्त होते. रविशंकर, अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, निखिल बॅनर्जी यांनी येथेच त्यांच्यापाशी विद्या घेतली. आपले मराठी व्हायोलिनवादक पंडित वि. गो. जोग यांनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले होते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना गोळा करून बाबांनी त्यांना वाद्ये शिकविली. तोच पुढे नावारूपाला आलेला 'मैहर बँड'. या वाद्यवृंदासाठी त्यांनी बंदुकीच्या नळ्या कापून 'नलतरंग' नावाचे वाद्य तयार केले.

आमच्या वडिलांना या नलतरंगाचे विलक्षण कौतुक. दिवसभर तोफांच्या गाड्यांवर काम करणारा तो माणूस मैहरच्या रस्त्याने चालताना प्रत्येक वेळी म्हणे, "आम्ही तोफा उभ्या करतो. या माणसाने बंदुकीला गायला लावले." आईने त्या दिवशी टांग्याच्या जागी आलेल्या रिक्षात बसताना हेच वाक्य आम्हाला ऐकविले आणि मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

तार, वारा आणि सावधपणा

रोपवेच्या खालच्या स्थानकात पोहोचलो, तेव्हा पाळणे थांबलेले होते. पाऊस नव्हता. खाली झाडाचे पानही फारसे हलत नव्हते. "वर हवा चालू आहे," एवढेच तेथील कर्मचाऱ्याने सांगितले. मला हे कारण पटले नाही आणि मी थोडी कुरकुरही केली. नंतर घरी येऊन या विषयावरचे वाचन केले, तेव्हा माझ्या अज्ञानाची मला लाज वाटली.

माणसाला तारेवरून ओझे नेण्याची युक्ती बऱ्याच काळापासून अवगत आहे. अनेक खांबांवरून नेलेला फिरता दोर प्रथम वापरला तो १६४४ मध्ये, त्या काळी डान्झिग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरात. अ‍ॅडम वीबे नावाच्या अभियंत्याने तटबंदीसाठी माती वाहून नेण्यास ती योजना केली होती. आज दोराची जागा पोलादी तारांच्या पिळलेल्या रज्जूने घेतली, घोड्यांच्या जागी विजेवर चालणारे यंत्र आले, वीज गेली तर पाळणे स्थानकात आणण्यासाठी डिझेल इंजिनही असते. तरीही या साऱ्या व्यवस्थेचा एक प्रतिस्पर्धी कायम आहे आणि तो म्हणजे वारा.

सपाटीवरून येणारा वारा एकाकी डोंगराला अडला की तो चढून वर जातो आणि माथ्याजवळ त्याचा वेग वाढतो. त्यामुळे खाली शांतता आणि वर सोसाटा, असे अनेकदा घडते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुपटीने नव्हे, चौपटीने वाढतो. तारेला टांगलेला पाळणा आडव्या वाऱ्याने झुलू लागला, तर तो खांबाजवळून जाताना धोका संभवतो. म्हणून उंचावर वाऱ्याचा वेग मोजण्याची व्यवस्था ठेवतात. ठरावीक मर्यादा गाठली की प्रथम वेग कमी करतात, मग नवे प्रवासी घेणे बंद करतात, वाटेत असलेल्यांना स्थानकात आणतात आणि त्यानंतर यंत्र थांबवितात. वीज कडाडू लागली तरी हाच क्रम. ही काळजी अनाठायी नाही. २५ जून २०१७ रोजी काश्मीरमधील गुलमर्ग येथे सोसाट्याच्या वाऱ्याने एक झाड उन्मळून तारेवर पडले आणि पाळणा कोसळून सात जणांना प्राण गमवावे लागले. तेव्हा वाऱ्यासाठी रोपवे थांबतो याची तक्रार करणारा प्रवासी आपल्याच जिवाविरुद्ध तक्रार करीत असतो.

अर्ध्या-पाऊण तासाने घंटा वाजली. आईला हात धरून पाळण्यात बसविले. दार बंद झाले आणि खालची जमीन अलगद दूर जाऊ लागली. आईने डोळे मिटून माझे मनगट घट्ट धरले होते. निम्म्या वाटेवर नातीने तिला हळूच म्हटले, "आजी, बघ ना, पायऱ्या दिसताहेत." आईने डोळे उघडले. हिरव्या झाडीतून वर जाणारी पायऱ्यांची रेघ, तिच्यावरून चढणारी रंगीबेरंगी माणसे, मागे गावाची कौले आणि तळ्यांचे चकाकणारे पाणी. ती काचेला कपाळ टेकवून पाहत राहिली. "वरून किती लहान दिसते," ती म्हणाली. "आम्हाला कधी संपतच नसे."

एवढ्यात आम्ही ढगात शिरलो आणि सारे पांढरे झाले.

माथ्यावरचा तो दीड तास

दर्शन उत्तम झाले. वरच्या स्थानकापासून मंदिरापर्यंतच्या थोड्या पायऱ्या आईने नातीच्या खांद्याचा आधार घेऊन चढल्या. गाभाऱ्यासमोर ती जेवढा वेळ उभी राहिली, तेवढा वेळ घरी देवापुढेही उभी राहत नाही. तिने वडिलांच्या नावाने एक नारळ वाहिला. मागाहून बाहेर येऊन पाहतो तो दरी नाही, गाव नाही, शेजारचा कठडासुद्धा पुसट झालेला. ढग इतका दाट होता की बोलणाऱ्याचा आवाज यायचा आणि माणूस दिसायचा नाही.

मग वारा सुटला. त्याच्या मागोमाग विजा आणि मुसळधार पाऊस. रोपवे बंद झाला. आम्ही पन्नास-साठ यात्रेकरू आडोशाला दाटीवाटीने उभे राहिलो.

पहिला अर्धा तास कोणाला काही वाटले नाही. नंतर माझ्या लक्षात आले की आईचा हात थरथरतो आहे. कपाळावर घाम होता, वास्तविक हवेत गारठा होता. देवीचे दर्शन घेतल्याशिवाय खायचे नाही, हा तिचा जुना नेम. मात्र मधुमेहाची गोळी तिने सकाळी नेहमीप्रमाणे घेतलेली होती. दर्शन करून लगेच खाली येऊ, या हिशेबाने तिचा डबा, बिस्किटे आणि औषधे असलेली पिशवी मी खाली ठेवून आलो होतो. 'दहा मिनिटांचे तर काम,' असे मीच पत्नीला बजावले होते. रक्तातील साखर उतरली तर काय होते हे आम्हाला डॉक्टरांनी अनेकदा समजावून दिलेले होते आणि नेमक्या त्याच वेळी हाताशी काहीही नव्हते.

आमची गडबड पाहून रीव्याकडची एक प्रौढ बाई पुढे झाली. तिने आपल्या प्रसादाची पुडी उलगडली. "अम्मा, मुँह खोलिए," म्हणत तिने साखरफुटाणे आईच्या तोंडात घातले. दुसऱ्या कोणी खडीसाखर दिली, तिसऱ्याने शहाणपणाने पाण्याची बाटली पुढे केली. पंधरा-वीस मिनिटांत आईच्या चेहऱ्यावर रंग आला. मग तिच बाई पुरीभाजी काढून बसली आणि आईला जेवू घातल्यावाचून तिने डबा मिटला नाही. तिचे नाव विचारण्याचेही आम्हाला सुचले नाही.

परंतु माझा धीर सुटला होता. चार वाजून गेले होते. रात्री डोंगरावर कोणी थांबत नाही, हे सकाळी कौतुकाने ऐकलेले वाक्य आता वेगळ्याच अर्थाने कानात घुमू लागले. मी रोपवेच्या कर्मचाऱ्याकडे गेलो आणि केव्हा सुरू होणार, असे जरा चढ्या आवाजात विचारले. तो शांतपणे म्हणाला, "बाबूजी, मेरी भी माँ है. हवा रुकेगी तो पहली ट्रॉली में अम्मा जाएँगी." मला ते पुरेसे वाटले नाही. दोघा तरुणांच्या मदतीने आईला उचलून पायऱ्यांनी खाली नेऊ, काही अंतरावर गाडीचा रस्ता लागतो, असे मी घरच्यांना सांगू लागलो. पायऱ्यांवरून त्या वेळी पाणी ओढ्यासारखे वाहत होते.

आईने मला जवळ बोलाविले. "तुला हिरकणीची गोष्ट आठवते ना?" तिने विचारले.

रायगडावर दूध घालण्यास गेलेली गवळण, कोजागरीच्या संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरी पाळण्यात असलेले तान्हे बाळ आणि अंधारात कडा उतरून गेलेली ती माता. ही आख्यायिका कोणत्या मराठी मुलाने आईच्या तोंडून ऐकलेली नाही?

"तिचं बाळ खाली होतं, म्हणून तिला जावंच लागलं," आई म्हणाली. "माझं सगळं इथेच आहे. मला कसली घाई? मला उचलून नेताना तू पडलास, तर मी कुणाकडे बघू?"

मी खाली बसलो. थोड्या वेळाने, आडोशाच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्ध गृहस्थांनी आल्हा म्हणायला सुरुवात केली. ढोलक नव्हता; ते मांडीवर ताल धरीत होते. पावसाच्या आवाजावर चढणारा तो भरदार स्वर, मध्येच साथ देणारे दोघे-चौघे आणि समोर नुसते पांढरे आभाळ. आईला त्यातले फारसे शब्द कळत नसावेत, पण ती मान डोलावीत होती. ज्या डोंगरावर आल्हा रोज येतो असे मानतात, त्याच डोंगरावर, श्रावणात, त्याचीच गाथा ऐकण्याचा हा योग आम्ही बेत आखून कधीच साधू शकलो नसतो.

उतरताना

पाऊस ओसरला तसा वाराही पडला. ढग प्रथम फाटला तो पूर्वेच्या बाजूने. एखादा पडदा बाजूला सरावा तशी धुतलेली शेते, चमकणारी तळी आणि दूरवर कैमूरची रांग एकाएकी समोर आली. सकाळपासून जे दृश्य पाहण्यासाठी आम्ही आलो होतो, ते दीड तास अडकून पडलो नसतो तर दिसलेच नसते.

कर्मचाऱ्यांनी आधी रिकामे पाळणे फिरवून पाहिले. मग शब्द दिल्याप्रमाणे पहिल्या पाळण्यात आईला बसविले. मी त्याच्याकडे पाहून हात जोडले. त्याने नुसते हसून दार लावले. आमची कन्या मात्र आमच्यासोबत बसली नाही. "मी पायऱ्यांनी येते. सावकाश येते. मला मोजायच्या आहेत," असे सांगून ती निघाली. वाहणारे पाणी थांबले होते आणि बरेच यात्रेकरू त्याच वाटेने उतरत होते, म्हणून मीही अडविले नाही.

खालच्या स्थानकात आईने गरम चहा घेतला, औषध घेतले आणि पायऱ्यांच्या दिशेने डोळे लावून बसली. बऱ्याच वेळाने नात आली, चिखलाने माखलेली आणि आनंदलेली.

"किती झाल्या गं?" आईने विचारले.

"एक हजार एकोणपन्नास."

"आणि पाटीवर किती म्हणतात?"

"एक हजार त्रेसष्ट."

आई मनापासून हसली. त्या दिवसातले ते तिचे पहिले मोकळे हसू. "म्हणजे तुझाही नाही जुळला," ती म्हणाली. "चला, हे बरं झालं. हे घरी जाऊन सांगितलं पाहिजे." कोणाला, ते तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. रात्री घरी पोहोचल्यावर तिने प्रथम वडिलांच्या तसबिरीपुढे प्रसाद ठेवला, हे मात्र आम्ही पाहिले.

रायगडावर १९९६ मध्ये रोपवे सुरू झाला, तेव्हा गड पायीच चढावा, यंत्राने जाण्यात कसले पुण्य, असे म्हणणारे अनेकजण होते. नाशिकजवळच्या सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये रुळांवरून चढणारी ट्रॉली आली, तेव्हाही असेच बोलले गेले. ज्याचे पाय धड आहेत त्याने अवश्य चढावे. ते सुख वेगळेच. पण ज्याच्या आयुष्यातल्या पायऱ्या संपत आल्या आहेत, त्याला शिखराची भेट नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि यंत्राने गेले म्हणजे काहीच कष्ट नाहीत, हेही खरे नव्हे. रोपवे चढण वाचवितो, वाट पाहणे वाचवीत नाही. डोंगर आपली किंमत घेतोच. ती घामाच्या रूपाने न घेता धीराच्या रूपाने घेतो, इतकेच.

प्रवासाला निघताना

• पावसाळ्यात मैहरला जायचे असल्यास परतीच्या गाडीचे आरक्षण रात्री उशिराचे करावे किंवा मुक्कामाची तयारी ठेवावी. रोपवे किती वेळ थांबेल हे कोणीही आधी सांगू शकत नाही.

• औषधे, पाणी, खाण्याचे पदार्थ आणि एखादे उबदार वस्त्र वर जाताना सोबतच असावे. मधुमेही व्यक्तीने साखर अथवा ग्लुकोज हाताशी ठेवावे. उपवास करण्याचा विचार असेल, तर गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा.

• वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरावे. हे अंतर कमी होत असेल, तर उघड्या कठड्यापासून दूर, आडोशाला यावे.

• दोन्ही नवरात्रांत प्रचंड गर्दी असते. वृद्धांना नेण्यासाठी इतर दिवस, त्यातही आठवड्याच्या मधले वार अधिक सोयीचे.

• रोपवे थांबला तर कर्मचाऱ्यांवर संतापू नये. ते आपल्याला अडवीत नसतात, सांभाळीत असतात. आमच्यासारखे हे उशिरा उमगण्यापेक्षा, निघण्यापूर्वीच उमगलेले बरे.